सब ठीक, साहब

मारुतराव काका जिना चढत होते. दारापाशी उभी राहून मी ऐकत होते. दोन मजल्यांत पावलं तीनदा थांबली. गाझियाबादच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

बाबांच्या पलटणीतले इथे उरलेले ते एकटेच. आत येताच म्हणाले, "तुझा बाप हरिदास म्हणजे वाघ होता, प्रज्ञा. शेवटपर्यंत कुरकूर नाही."

बाबा गेल्यापासून बारा दिवस मी हेच ऐकत होते.

बाबांचं हृदय जेमतेम पंचवीस टक्के काम करत होतं. लष्करी रुग्णालयातले सर्जन आधी म्हणाले होते, बायपासपूर्वीच मांडीतल्या रक्तवाहिनीतून महाधमनीत एक फुगा ठेवू. तो ठोक्यागणिक फुगेल, मिटेल, थकलेल्या हृदयाचा भार हलका करेल. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सूबेदार साहब, साँस फूलती है?"

बाबा पलंगावर ताठ झाले. "नहीं सर. सब ठीक."

आठवडाभर ते तीन उशा रचून, बसूनच झोपत होते. मी शेजारीच होते. अधिकाऱ्यापुढे वडिलांना खोटं पाडायचं नाही, हे छावणीत वाढलेल्या मुलीला शिकवावं लागत नाही. सर्जनच्या हातात अहवाल होता. तरी त्यांनी आकडा सोडून सुभेदाराचा शब्द धरला आणि लिहिलं: फुगा, गरज पडल्यास.

गरज पडली. ऑपरेशननंतर, हृदय सावरेना तेव्हा. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

"माझंही ऑपरेशन बुधवारी आहे," काका म्हणाले. "त्याच सर्जनकडे. हृदय तीस टक्के म्हणे. मी सांगून टाकलं, एकदम फिट आहे, चलो, उरका."

"जिन्यात थांबलात का?"

"अगं, फोन आला होता."

"फोन काल इथेच विसरलात, काका. तो बघा, चार्जिंगला लावलाय."

ते हसले. मी हसले नाही.

"प्रज्ञा," आई म्हणाली, "मोठ्यांशी असं बोलतात?"

"गप्प बसून पाहिलं ना, आई."

मी काकांच्या काखेतली रुग्णालयाची फाइल ओढली आणि वरच लिहिलं: दो मंज़िल में तीन बार रुके.

"उद्या सर्जनकडे मी येणार. तुम्ही बोलायचं नाही."

"अन् त्यांनी मलाच विचारलं तर?"

"तर त्यांच्यासमोर जिना चढून दाखवा."

काका बाबांच्या फोटोकडे बघत राहिले. छाती अजून वरखाली होत होती.

"चार," ते म्हणाले. "खाली गेटपाशीपण थांबलो होतो."

मी तीन खोडून चार लिहिलं.