सातबाऱ्याचे बारा गुण

बकुळानं आयुष्यात एकच सही अगदी मनापासून केली होती, आणि नेमकी तीच आता तिच्या लेकीच्या आड आली होती.

हे तिला कळलं तेही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. बदलापुरातल्या कात्रपला चिंतामणी साहेबांच्या फ्लॅटवर ती सकाळच्या पोळ्या करायला जायची. साहेब कारखान्यात मोठे अधिकारी, पण माणूस सरळ. त्यांची राजसी आणि बकुळाची जिज्ञासा एकाच वर्षी बारावी झालेल्या, आणि दोघींनाही कोकणातल्या एकाच सरकारी कृषी कॉलेजात जायचं होतं. राजसी टेबलावर फॉर्म भरत बसली होती आणि मोठ्यानं वाचत होती, "आई किंवा वडिलांच्या नावावर शेतजमीन आहे का? असल्यास बारा गुण वाढीव."

"आपली आहे की," साहेब पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "देवगडकडे दीड एकर. जाणं होत नाही, पण सातबाऱ्यावर माझं नाव आहे. लाव तो उतारा."

तव्यावरची पोळी करपली. बकुळानं ती गुपचूप स्वतःच्या डब्यात टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.

जिज्ञासाला एक्क्याऐंशी गुण होते. गेल्या वर्षी त्या कॉलेजची शेवटची जागा शहाऐंशीला भरली होती. बकुळाचा भाऊ कैलास, त्याच्या विनीतला शहात्तर. म्हणजे मामेभावापेक्षा पोरगी पाच गुणांनी पुढं. पण कैलासच्या नावावर जमीन होती, त्यामुळं विनीत बारा मिळवून अठ्ठ्याऐंशीला पोचला होता आणि त्याची आई आतापासूनच पेढ्यांची भाषा करत होती. जिज्ञासाला कॉलेज मिळालं नाही तर काय, तेही ठरून गेलं होतं. नवरा भीमराव आनंदनगरच्या कंपनीत मशीनवर होता, त्यानं पॅकिंगच्या ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. एकदा पोरगी त्या लाईनला उभी राहिली की तिथून परत वर्गात कोणी जात नाही, हे बकुळानं शेजारच्या चार घरांत पाहिलं होतं.

नियम वाईट होता असंही नाही. शेतात राबणाऱ्या घरातल्या पोरांना अभ्यासाला वेळ कमी मिळतो, म्हणून त्यांना बारा गुणांचा टेकू. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याचं भलं होवो. पण कागदाला चिखल दिसत नाही, नाव दिसतं. साहेब देवगडची शेती उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी करत, त्यांना बारा. विनीत बांधापर्यंत बाईक नेऊन फोटो काढायचा, त्याला बारा. बकुळा दर आषाढात कामावर आठ दिवस खाडा करून माहेरच्या लावणीला उतरत होती, जिज्ञासा सातवीपासून तिच्या बरोबरीनं, आणि त्यांना शून्य.

कारण ती सही. आठ वर्षांपूर्वी वडील, महिपती, गेले. दिवस झाल्यावर कैलास तिला उल्हासनगरच्या रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेला होता. बहिणीनं भावाला जमिनीचा हक्क सोडून द्यायचा, ही रीत. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नाही म्हटलं तर माहेर तुटतं, आणि दिवाळीची चोळी-बांगडी बंद झालेल्या दोन मैत्रिणी तिला माहीत होत्या. तिनं ऐटीत सही केली आणि येताना भावानं घेतलेली अबोली रंगाची साडी मिरवत घरी आली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, तोही हसत हसत.

त्याच संध्याकाळी ती बदलापूरच्या पुढं, बारवीच्या रस्त्याला असलेल्या माहेरी गेली. आई, कौसाबाई, ओटीवर वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. बकुळानं आडपडदा ठेवला नाही.

"दादा, एक गुंठा माझ्या नावावर कर. पिकव तूच, भात तूच ने. मला फक्त नाव पाहिजे, पोरीच्या फॉर्मसाठी."

वहिनीच आतून बाहेर आली. "एकदा लिहून दिलेलं परत मागायला येतात काय? इथं बिल्डर रोज चकरा मारतात. आज गुंठा, उद्या अर्धं."

"लिहून देते, कधी मागणार नाही म्हणून."

"बकू, तसं नाय," कैलास म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "तिला बारा मिळाले तर ती विनीतच्या वर जाईल. कॉलेज तेच, जागा तेवढ्याच. माझ्या हातानं माझ्याच पोराच्या पुढं कुणाला उभं करू?"

"ती आत्ताही पुढंच आहे, दादा. पाच गुणांनी."

वहिनी चहा टाकायला वळली. कौसाबाई डाळिंब्या सोलत राहिली. तिनं मान वर केली नाही, आणि बकुळानंही तिच्याकडं पाहिलं नाही. खरं तर तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली होती. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं दोन नावं होती, कैलासचं आणि आईचं. पण आईला याच घरात, याच सुनेच्या हातचं खायचं होतं. तिच्याकडं मागणं म्हणजे म्हातारीला विस्तवावर उभं करणं. बकुळा न मागताच निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शिरगावच्या चाळीत बकुळाच्या दारावर थाप पडली. कौसाबाई उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार कार्ड आणि सातबाऱ्याचा उतारा.

"उल्हासनगरला कवा जायचं?"

"आई, दादाला सांगितलंस?"

"सांगून आले. चोरी नाय केली मी."

उल्हासनगरला रजिस्ट्रार ऑफिसबाहेर दस्त लिहिणारा सिंधी म्हातारा चष्म्यावरून दोघींकडं बघत राहिला. आयुष्यभर त्यानं बहिणींनी भावांना दिलेले कागदच लिहिले असावेत. "अम्मा, सोच लो," तो म्हणाला. "बक्षीसपत्र है. बाद में वापस मांगोगे तो नहीं मिलेगा."

"मंग बरं हाय," कौसाबाई म्हणाली आणि अंगठा पुढं केला. पाच गुंठ्यांचा हिस्सा बकुळाच्या नावे झाला, आणि कौसाबाई त्याच दिवशी कैलासच्या घरी परत गेली.

पण कागद झाला म्हणजे नाव लागलं, असं नसतं. सातबाऱ्यावर नवी नोंद चढायच्या आधी चावडीवर नोटीस लागते. पंधरा दिवस. तेवढ्यात कोणीही तक्रार अर्ज दिला की प्रकरण सुनावणीला जातं, आणि एकदा सुनावणीला गेलेलं प्रकरण कधी परत येतं ते देव जाणे. फॉर्मला कागद जोडायची शेवटची तारीख सतराव्या दिवशी होती. म्हणजे कैलासनं एक साधा अर्ज टाकला, तर सगळं मुसळ केरात.

ते पंधरा दिवस बकुळानं कसे काढले, तिलाच ठाऊक. एक दिवस साहेबांकडच्या कणकेत तिनं दोनदा मीठ घातलं. आईला फोन करावासा रोज वाटायचा आणि रोज ती तो टाळायची. जिज्ञासा वेगळ्याच विचारात होती.

"आई, मी वर गेले की शेवटची कोणीतरी बाहेर पडेल ना? जिच्या आईबापाच्या नावावर काहीच नाही, अशी कोणी. परवापर्यंत मी होते, तशी."

बकुळाला हा प्रश्न नकोच होता, कारण तो खरा होता. "तू लावणी केलीस की नाही?" ती चिडून म्हणाली.

"केली. पण तिनं पण केली असेल. दुसऱ्याच्या शेतात."

"मग शिकून मोठी हो आणि नियम बदल. आत्ता गप बस."

पोरीचं समाधान झालं नव्हतं. बकुळाचंही झालं नव्हतं. तरी त्या न पाहिलेल्या मुलीसाठी आपल्या पोरीला पॅकिंगच्या लाईनला उभं करण्याएवढी ती उदार नव्हती, आणि हे तिनं स्वतःशी कबूल केलं.

पंधराव्या दिवशी ती दुपारपासून तलाठी ऑफिसच्या बाकावर जाऊन बसली. बसून काही होणार नव्हतं, पण घरी थांबणं शक्य नव्हतं. चार वाजले. साडेचार. तलाठीबाई कपाटं आवरायला लागल्या, आणि दारात कैलास उभा राहिला. पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेले, लावणी अर्धी टाकून आलेला. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद.

तो बकुळाच्या शेजारी बसला.

"वकिलाकडून लिहून आणलाय," तो हळू म्हणाला. "विनीतच्या आईनं आणवला. नाय दिला तर घरात येऊ नको म्हणते."

"दादा, पोरीचं वर्ष जाईल. वर्ष नाही, सगळंच जाईल."

"ठाव हाय." त्यानं कागद काढून मांडीवर ठेवला. "आई बाहेर रिक्षात हाय. तिची पेटी पण आणलीय. तू नेशील, तर मी हा फाडतो. घरी सांगेन, जमीन तिकडं गेली, आईला पोसायचंपण तिकडं गेलं. मग विनीतची आई गप बसेल. नायतर मना अर्ज द्यावाच लागेल, बकू. मना दोन्हीकडं नाय झेपत."

"नेते," बकुळा म्हणाली. त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. भीमरावला विचारलं नाही, एका खोलीत चौथी पथारी कुठं पडेल याचाही विचार केला नाही.

कैलासनं कागदाचे चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. तलाठीबाईंनी विचारलं, "तुमचं काय होतं?" "काय नाय, बहिणीला भेटायला आलेलो," तो म्हणाला आणि बहिणीकडं न बघता निघून गेला. पाच वाजता बाईंनी रजिस्टरात शेरा मारला: कोणाची तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली की उतारा मिळणार होता. जिज्ञासा त्र्याण्णववर गेली होती.

बाहेर रिक्षात कौसाबाई पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. पंधरा दिवसांत तिचे गाल आत गेले होते. बकुळा तिच्या शेजारी बसली आणि रिक्षा निघाली. आनंदाची बातमी सांगायची होती, पण आईच्या चेहऱ्याकडं पाहून तिनं ती सांगितलीच नाही.

"तुला त्यांनी काढलं, आई. माझ्यामुळं."

"काढलं कुठं? ताट वाढायचे. बोलायचं कोणी नाय, एवढंच." कौसाबाई रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, "तुझा पण एक फोन नाय आला."

बकुळाला खोटं सांगता आलं असतं. मोबाईल बिघडला, वेळ मिळाला नाही. तिनं खरं तेच सांगितलं. "भ्याले मी. वाटलं, कशी आहेस म्हणून विचारलं आणि तू रडलीस, तर मला तुला सोडवावं लागेल. कागद मागं घ्यावा लागेल."

"मना कळलं व्हतं," कौसाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सांजेला लई जड झालं व्हतं. त्या टायमाला तुझा आवाज कानावर पडला असता, तर कागद राहू दे म्हणाले असते. बरं झालं नाय केलास."

बकुळाच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच तिला इतकी लाज वाटली की शिरगाव येईपर्यंत तिला आईचा हात धरायचाही धीर झाला नाही.