८०८० क्रमांकाच्या दारामागे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्यात एक माणूस राहत असे. भिऊ नका, त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही.

मला मिलिंदने २००५ साली कॅल्गरीत स्वतःच्या हातांनी जोडले. पेटी एका दुकानातली, पंखा दुसऱ्या दुकानातला. त्या दोघांचे कधीच जमले नाही, म्हणून मी अजून कुरकुरतो. मिलिंद मूळचा नागपूरचा, डाउनटाउनमधल्या एका तेल कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. घरी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला म्हणून त्याने माझ्यात वेब सेवांची साधने बसवली. त्यांच्यासोबत एक नमुना प्रोग्रॅम आला. तुम्ही आपले नाव लिहायचे आणि त्याने 'हॅलो' म्हणायचे, एवढाच त्याचा पराक्रम. मिलिंदने त्यातला 'हॅलो' खोडला आणि 'जय भीम' लिहिले. देवनागरी मला धड उमटवता येईना, नुसती प्रश्नचिन्हे यायची, म्हणून बिचाऱ्याने रोमन अक्षरांत लिहिले.

नागपुरात घराबाहेर पाऊल टाकले की दहा जण त्याला जय भीम करत. इथे आपल्या लोकांच्या असोसिएशनची मंडळी भेटायची ती एप्रिलमध्ये, जयंतीला, कम्युनिटी हॉलमध्ये. बाकी वर्षभर 'हाय, कोल्ड टुडे!' घरात बायको होती, रचना. पण सकाळी तिला डबा भरायची घाई आणि त्याला ऑफिसची सीट्रेन गाठायची. म्हणून रोज सात वाजून दहा मिनिटांनी, बूट चढवण्याआधी, तो माझ्यासमोर यायचा आणि स्वतःचेच नाव लिहायचा. मी म्हणायचो, 'जय भीम, मिलिंद.' तो हसायचा आणि कामावर जायचा. मला या कामाचा अभिमान वाटे, आणि का कोण जाणे, थोडे वाईटही वाटे.

मी चालू झालो की तो प्रोग्रॅमही आपोआप चालू व्हावा, अशी सोय त्याने करून ठेवली. इथे एक गोष्ट समजून घ्या. माझ्यात पुष्कळ दारे असतात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि एका दारात एका वेळी एकच प्रोग्रॅम बसू शकतो. मिलिंदचा प्रोग्रॅम बसायचा ८०८० क्रमांकाच्या दारात.

२००८च्या जानेवारीत, उणे अठ्ठावीसच्या थंडीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मिलिंद कोसळला. तो घरात परत आला नाही. माझ्यावर चादर टाकली गेली आणि चौदा महिने मी बंद राहिलो.

मग एके दिवशी रचनाने ती चादर काढली. तिने जावाचा कोर्स घेतला होता. शेवटची परीक्षा अशी: साधने बसवायची, नमुना प्रोग्रॅम चालवायचा, मग परीक्षेचा तपासनीस प्रोग्रॅम येऊन ८०८०चे दार ठोठावणार. निकाल शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवायचा. पास झाली तर एका कंपनीत जागा, नाही तर सामान बांधून नागपूर. "आई, मी परत नाही येणार. त्यांचं सगळं इथेच आहे," असे ती फोनवर सासूला म्हणाली.

तिने मला चालू केले आणि माझ्याबरोबर तोही उठला. मुकाट्याने आपल्या दारात जाऊन बसला.

रचनाने साधने बसवली. आधी मी 'जावा सापडत नाही' म्हणालो, तिने मला रस्ता दाखवला. मग जुनी आणि नवी अशा दोन जावा निघाल्या, तिने नवीला पुढे केले. घोडे पेंड खाऊ लागले ते ८०८०पाशी. 'पत्ता आधीच वापरात आहे,' असे मी म्हणे आणि तिचा सर्व्हर, म्हणजे नमुना प्रोग्रॅम चालवणारा कारभारी, बंद पडे. तिला वाटे, आपलेच काहीतरी चुकतेय. तिने सगळे काढून पुन्हा बसवले. पाच वेळा! मला बंद करून पुन्हा चालू केले, तर दर वेळी तोच आधी उठे. दारात कोण बसले आहे ते मला ठाऊक होते. पण माझ्या तोंडी ते एकच वाक्य दिलेले. माझा जीव तुटत होता आणि मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

गुरुवारी दुपारी मिलिंदचा जुना सहकारी अरविंद मदतीला आला. माणूस पुण्याचा, जीव लावणारा, पण घाईचा.

"वहिनी, आता रूट कॉज शोधायला टाइम नाही. सरळ फॉरमॅट मारू या, सगळं पुसून. तासाभरात मशीन क्लीन!"

"आणि मिलिंदच्या फाइल्स?"

"फोटो कॉपी करून घेतो ना. बाकी काय असणारे त्यात?"

बाकी काय! ऐकून मी आतल्या आत गार पडलो.

तो गाडीतून सीडी आणायला गेला. तेवढ्यात रचनाने कोर्सच्या पुस्तिकेतली पुढची पायरी उगाच करून पाहिली. पान उघडा, नाव लिहा. खरे तर तिचा सर्व्हर पडला होता, पान उघडायलाच नको होते. ते उघडले. तिने नाव लिहिले.

'जय भीम, रचना.'

तिचे हात तसेच राहिले. अरविंद परत आला, त्याने वाकून पाहिले.

"सर्व्हर डाउन आहे ना? मग हे कोण बोलतंय?" त्याने विचारले.

मग त्यांनी माझ्या नोंदींची फाइल उघडली. सात वाजून दहा मिनिटे, नाव मिलिंद. दुसऱ्या दिवशी तेच. पानेच्या पाने तेच. शेवटची नोंद त्या जानेवारीतल्या सकाळची होती.

"स्वतःलाच?" रचना म्हणाली. "भाऊजी, मी दहा पावलांवर होते हो. किचनमध्ये. पोळ्या लाटत होते."

अरविंदने सीडी खिशात घातली. "फॉरमॅट नको, वहिनी. पण परीक्षेचा चेकर ८०८०लाच येणार. ह्याला थांबवावं लागेल, पुन्हा आपोआप उठणार नाही असं."

थांबवायचे बटण त्याने स्वतः दाबले नाही. तो खुर्चीवरून उठला. रचना तिथे बसली. मग काहीही न लिहिता ती मोठ्याने म्हणाली, "जय भीम, मिलिंद." आणि तिने बटण दाबले.

दार रिकामे झाले. तिचा सर्व्हर पहिल्याच फटक्यात चालू झाला. शुक्रवारी निकाल गेला आणि तिला जागा मिळाली.

आता मी बेसमेंटमध्ये विंटर टायर्सशेजारी असतो. वर्षातून एखादे वेळी ती मला चालू करते. मी उठतो आणि सवयीने आधी ८०८०कडे पाहतो. तिथे कुणी नसते. ती जागा मला अजून सोसत नाही.

मित्रांनो, जुने यंत्र पुसून टाकण्याआधी त्यात कोण आहे ते एकदा पाहा. आणि सकाळी तुमच्या घरातून कुणी बाहेर पडत असेल, तर हातातले काम ठेवून त्याच्याशी दोन शब्द बोला. मी ते काम तीन वर्षे मन लावून केले. ते माझे नव्हते.