मुकादमाचं रक्त

"दोन लाख!" डॉक्टरांनी मशीनमधून निघालेला कागद माझ्यासमोर नाचवला. "पांढऱ्या पेशी दोन लाख. रक्ताचा कॅन्सर. उगाच हाल कशाला? इंजेक्शन काढा, चार वाजता झोपवून टाकू."

कायमचं झोपवायचं होतं मुकादमाला, म्हणजे शिंपीणकाकूंच्या राखाडी पोपटाला. "हात चालव, हात चालव!" असं दिवसभर काकूंवर ओरडतो, म्हणून मुकादम. आठवडाभर तो मुका होता, दाण्याला शिवत नव्हता. काकू बाहेर बाकावर पिंजऱ्याला बिलगून बसल्या होत्या. संमतीच्या कागदावर त्यांची सही झाली होती.

माझं टाळकंच सरकलं. एकवीस वर्षं या जनावरांच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासतेय मी. मशीन आलं कुत्र्या-मांजरांसाठी. त्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पाखरांच्या पेशींत असतं. मशीन बिचारं केंद्रक दिसलं की पांढरी पेशी म्हणून मोजत सुटतं. घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलंय. ऐकतंय कोण!

"मी हाताने मोजते," म्हटलं.

"ताई, तुम्ही मशीनपेक्षा शहाण्या?"

"पाखरांच्या बाबतीत, हो."

औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. ती ॲप्रनच्या खिशात टाकली, वर रुमाल कोंबला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. "मोजून होईपर्यंत कपाट उघडणार नाही."

"चुकलात तर उद्यापासून येऊ नका."

मोजलं. पुन्हा मोजलं. बारा हजार! धडधाकट पोपटाला असतात तेवढ्याच. पण तांबड्या पेशी मात्र धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारख्या फिक्या. असं मी एकदाच पाहिलं होतं, शिसं गिळलेल्या बदकाच्या रक्तात.

तशीच बाहेर धावले. "काकू, हा कुरतडतो काय काय?"

"काय नाही कुरतडत मेला! बटणं, टेप... मागच्या आठवड्यात पडद्याची अख्खी किनार उसवली."

"किनारीत काय असतं?"

"पडदा सरळ पडावा म्हणून शिशाच्या बारीक गोळ्या घालते ना मी..." काकूंचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई! आणि मी सही करून बसले!"

"रडायचं नंतर. उचला पिंजरा, एक्स-रे काढायचाय."

एक्स-रेमध्ये मुकादमाच्या पोटात तीन पांढरेशुभ्र ठिपके दिसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, उलटसुलट फिरवली. मग घसा खाकरला. "शिशावरचं औषध आहे का आपल्याकडे?"

"कपाटात आहे." किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आता उघडा."

दहाव्या दिवशी मुकादम घरी निघाला. काकूंनी डॉक्टरांकडून तो सहीचा कागद मागून घेतला आणि पिंजऱ्याच्या गजांतून आत सरकवला. मुकादमाने तो पायात धरला, चोचीने टराटरा फाडला, आणि डॉक्टरांकडे मान वाकडी करून ओरडला, "हात चालव!"