भाराखालचे व्होल्ट

मीटरच्या लाल चिमट्याचा एक दात वाकडा झाला होता, आणि केतनचं लक्ष पुन्हापुन्हा तेवढ्यावरच जात होतं. पक्कडीने सरळ केला तरी तो किंचित तिरपाच राहिला. मग वाटलं, आज नकोच, चिमटाच धड नाही, उद्या बघू... पण उद्या पुण्याची मंडळी येणार होती. कारखान्याची माणसं. त्याने बांधलेली गाडी पसंत पडली तर अशा आणखी गाड्या बांधायला जागा देणार, हाताखाली माणसं देणार. आणि नाही पडली तर पुन्हा पुण्यातली ती चाचणी विभागातली खुर्ची, जी सोडताना आपण केवढ्या तोऱ्यात साहेबाचा निरोप घेतला होता. चिमटा बॅटरीच्या टोकावर व्यवस्थित बसला. निमित्त संपलं.

गाडी देखणी होती, हे वैरीसुद्धा कबूल करील. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या अझीमने, त्याच्या शाळासोबत्याने, तिचं अंग ओतून दिलं होतं, आणि मागून बघितलं तर अजून तिच्यात होडीचा डौल दिसायचा. सीटच्या मागे वीस बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. पेट्रोलचा थेंब नाही, आवाज नाही, पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. पण चिकटते म्हणजे किती? पुण्याच्या लोकांनी फोनवर नेमकं तेच विचारलं, आणि केतनच्या तोंडून निघून गेलं—शंभर किलोवॅट. तसं खोटं नव्हतं. उभ्या गाडीत मोजलेले व्होल्ट अडीचशे, मोटर खेचते तो जास्तीत जास्त करंट चारशे, करा गुणाकार. फक्त एवढंच, की बॅटरीवर भार पडला की व्होल्ट खाली बसतात, आणि किती बसतात ते भार असतानाच, त्याच क्षणी, बघावं लागतं. पुण्यात वर्षानुवर्षं मी दुसरं केलं काय? दुसऱ्यांच्या गाड्यांचे फुगवलेले आकडे टाचणी लावून फोडले. आणि स्वतःच्या गाडीला दोन वर्षांत एकदाही असा मीटर लावला नाही. कधी वायर नव्हती, कधी वेळ नव्हता. भीती होती, दुसरं काय.

सकाळी अझीम डोकावून गेला होता. "येवढा विचार कसला करतोस रे? धक्क्याला बांधून बघ. आम्ही होडीचा इंजिन नाय काय बांधूनच ताणत? दोराकडं बघितला की कळतो, दम किती हाय तो."

"होडी बांधली तरी तिचा पंखा पाण्यात फिरतच राहतो. हिची चाकं अडली तर मोटर जागच्या जागी जळेल."

"मग ऱ्हवंदे. लाडकी लेक ती तुझी," म्हणून अझीम हसत गेला. थट्टाच होती, पण केतनला ती दिवसभर टोचत राहिली. बांधून ताणता येत नाही ते खरंच होतं, तरी ते सांगताना आपल्याला बरं का वाटलं?

बांधून नाही, म्हणजे पळवूनच. आणि पळवायची तर माणसं दोन हवीत—चालवणाऱ्याने समोरचा करंट बघायचा, शेजारच्याने मांडीवरच्या मीटरवर व्होल्ट. त्याच्या बायकोने, रुपालीने, शाळेतून रजा काढली. ती देवरूखला गणित शिकवते, सकाळची एस्टी धरते, अंधार पडता परत येते. त्याने नोकरी सोडली त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं...

सड्यावरचा रस्ता दुपारचा रिकामा होता. दोन्ही बाजूंना जांभ्याचा काळपट कातळ, त्यावर वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि खाली लांबवर मांडवीच्या समुद्राचं पाणी. "सगळ्यात खाली जाईल तो आकडा सांग," तो म्हणाला. रुपालीने मान हलवली. त्याने पाय पूर्ण दाबला. पाठ सीटला चिकटली, करंटचा काटा चारशेवर गेला, कातळ दोन्ही बाजूंनी मागे पळाला.

"किती गो?"

ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "दोनशे तीस."

दोनशे तीस! म्हणजे ब्याण्णव. ब्याण्णव म्हणजे शंभरच की, उन्नीस-बीस. त्याने स्टिअरिंगवर थाप मारली, गाडी कडेला घेतली, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला. रुपालीही हसली. पाय मोकळे करायला म्हणून ती खाली उतरली, पदर खोचून कातळाच्या टोकापर्यंत गेली. मीटर सीटवर राहिला होता. मघाशी निघताना केतनच्या बोटाने जुन्या सवयीने त्याचं एक बटन दाबून ठेवलं होतं—सगळ्यात खालचा आकडा मीटर स्वतःच धरून ठेवतो ते. आता त्याने तो आकडा बघितला.

एकशे एक्याऐंशी.

बहात्तर किलोवॅट. पण बहात्तराचं दुःख व्हायला वेळच मिळाला नाही. तिला दिसलं नसेल... आकडे भरभर बदलतात... पण ती गणिताची बाई, एकशे एक्याऐंशीचे दोनशे तीस कसे वाचेल? वाचले नाहीत. तिने माझं तोंड बघितलं आणि मग आकडा सांगितला. कधीपासून ती असे आकडे सांगते आहे? "होईल हो सगळं नीट." "छान पळते." "मला नाही बाई कंटाळा येत एस्टीचा." या सगळ्याखालचे खरे व्होल्ट किती होते? तिची आशा केव्हाच संपली असेल आणि मला एकट्यालाच ठाऊक नसेल. त्याला राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना. ती परत येताना दिसली तशी त्याने मीटरवरचा आकडा पुसून टाकला.

"आता तू चालव," तो म्हणाला. "मी बघतो."

"मी? राहू दे ना. आकडा मिळाला की."

"एकदाच."

ती बसली. तिने सीट पुढे ओढली, पदर घट्ट केला आणि एकदम पाय दाबला, त्याला वाटलं होतं त्याहून किती तरी जोरात. दोनशे चाळीस. दोनशे दहा. एकशे नव्वद... एक्याऐंशी. पुन्हा तोच. बॅटऱ्यांना कुणाची भीडमुर्वत नव्हती.

"किती?" रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं. कानशिलापाशी घाम आला होता, ओठ आवळलेले होते.

आणि दोनशे तीस हा आकडा त्याच्या जिभेवर तयार होता. त्याने बोलावला नव्हता, आपणहून आला होता. तिचं ते आवळलेलं तोंड बघून दुसरं काही म्हणवतच नव्हतं. म्हणजे तिलाही मघाशी असंच... दया नव्हे ही, हिशेब नव्हे. समोरच्याला आपल्या हाताने मोडायचं धैर्य होत नाही, एवढंच. तो एकशे एक्याऐंशीही बोलला नाही, दोनशे तीसही नाही.

तिने पाय हळूहळू उचलला. गाडी आपल्या वेगाने सरकत राहिली, व्होल्ट परत वर चढू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही. ती विचारत नाही म्हणजे तिला कळलंय, आणि मला कळलंय हेही तिला कळलंय... उद्या त्या माणसांना काय सांगायचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. केतनला भीती वाटत होती, मघापेक्षा जास्तच वाटत होती. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला एकट्याला वाटत नव्हती.