तिच्या बाजूची काच

गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही. गॅरेजवाल्यांवरच कशाला, मी कुणावरच पटकन विश्वास ठेवत नाही, आणि म्हणूनच आजवर मला कुणी टोपी घातलेली नाही. पेठ रोडच्या पुंजारामकडे सायलेन्सर दाखवायला निघालो तेव्हा आधी ललिताची नेलपॉलिश शोधली आणि बॅटरीला, स्टेपनीला, चारी चाकांना एकेक लाल ठिपका दिला. पार्ट बदलला तर कळायला नको?

ललिता म्हणजे माझी बायको. चार दिवस आमचा अबोला चालू होता. रविवारी सुरगाण्याला माझ्या पुतणीचा, सृष्टीचा साखरपुडा, आणि ही म्हणते, "त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही." हिचं हे नेहमीचंच. दिंडोरी गेली की डोकं दुखतं, वणी आली की उलटी. माझं बरं दुखत नाही ते! सुरगाण्याला माझ्या आईकडे जायचं म्हटलं की हिला सगळे रोग होतात, नुसतं नाटक. होळीला तर कहर केला. आईच्या अंगणात गाडीतून उतरली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अजून वास येतोय." आमचं घर गोठ्याला लागून. तिथे उभं राहून वास येतोय म्हणण्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नाही. मीही या वेळी स्पष्ट सांगून टाकलं, "साखरपुड्याला आली नाहीस तर यापुढे माझ्या माणसांशी तुझा संबंध संपला."

तर सायलेन्सर. गाडी सतरा वर्षांची, सेकंडहँड, आणि कित्येक महिने ट्रॅक्टरसारखी फडफडत होती. पुंजाराम साठीचा, वाळका आणि बोलायला फार गोड. गोड बोलणारा माणूस मला आधीच खटकतो. तो खाली वाकला, हाताने चाचपलं, आणि गंजाचा एक पापुद्रा माझ्या हातावर ठेवला.

"भाऊ, सायलेन्सर पार सडला हाय. नवा टाकायचा का?"

"तेवढं बजेट नाही."

"मग सडका तुकडा कापून काढतो. जुन्या गाडीचा पाइप हाय माझ्याकडं, तो जोडतो. दोन वर्षं बघायचं काम नाय."

इतक्या स्वस्तात, इतक्या पटकन? कुठेतरी पाणी मुरत होतं. वर त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः घेतला नाही. शुगर आहे म्हणे. मी चहा प्यालो, पण नजर त्याच्यावरच.

"भोक नेमकं कुठंय ते ऐकाया लागंल," तो म्हणाला. "मी इंजिन चालू ठेवतो, तुम्ही बाहेर बसा खुर्चीत."

बाहेर बसू? म्हणजे याला रान मोकळं! "मी गाडीतच बसतो," मी म्हटलं. तो डाव्या बाजूने खाली शिरला, म्हणून मीही डाव्या सीटवर बसलो. त्या बाजूची काच उघडत नाही. खाली-वर करायचा दांडा वर्षापूर्वी तुटला, खर्च नको म्हणून तसाच राहिला. माझी काच रस्त्यावर कायम उघडी असते, कोपर बाहेर काढल्याशिवाय मला चालवताच येत नाही. पण आज तीही मी वर करून ठेवली होती, कुणी आत हात घालायला नको.

पुंजारामने मागच्या नळीत चिंधीचा बोळा कोंबला. म्हणे याने गळती फुसफुसते, लगेच सापडते. असेल बाबा.

दहा मिनिटं झाली असतील. कपाळ ठणकायला लागलं. मग पोटात ढवळलं, डोळ्यांपुढे काजवे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चहा! म्हाताऱ्याने चहात काहीतरी घातलंय! मी दार ढकललं, धडपडत उतरलो आणि तिथेच ओकलो.

"काय घातलंस चहात?" मी त्याची कॉलर धरली.

त्याने कॉलर सोडवायची घाई केली नाही. माझ्यासकट दोन पावलं चालत गेला, चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि डाव्या सीटच्या पायाखालचं मॅट उचललं. तळाच्या पत्र्याला रुपयाएवढं गंजलेलं भोक होतं. त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरचं भगदाड.

"धूर सरळ आत येतोय. काचा लावून बसता व्हय? जीव गेला असता!" मग त्याचा आवाज खाली आला. "हितं कोण बसतं, भाऊ?"

मी कॉलर सोडली. दहा मिनिटांत माझी ही गत, आणि ती तीन तास जायची, तीन तास यायची.

संध्याकाळपर्यंत त्याने पाइप जोडला, भोकावर पत्रा मारला, भंगारातून एक दांडा शोधून काचेलाही बसवला. लाल ठिपके बघून विचारलं, "पूजा केली का गाडीची?" मी हो म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ललिताला सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. ती हसली नाही.

"आईंना फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकरवर."

लावला. "आई, होळीला ललिता वास येतोय म्हणाली ना, तो गाडीतल्या धुराचा होता गं. घराचा नव्हे."

"मंग मी कुठं म्हणलं घराचा?" आई म्हणाली. "मी तर तिला पाणी घिऊन येत व्हते. तूच मला आत नेलंस. म्हणलास, हिला आपल्या घराचा वास येतो, तू बोलू नको तिच्याशी, तिचं तिला कळंल."

ललिता माझ्याकडे बघत होती. मी फोन बंद करायला बोट पुढे केलं, पण तिने तो आधीच उचलला.

"आई, रविवारी येते मी."

"ये गं माझी बाय. गाडी झाली ना नीट आता?"

"झाली म्हणतात," ललिता म्हणाली. "तुमचा मुलगा येईल गाडीने. मी एसटीने येते."