बोगद्यातली सावली

बेथेल रिज स्टेट कॉलेजच्या हॉलमध्ये भिंतीवर माझा फोटो आहे आणि त्याला लागूनच जज्ज लेम्युएल गॅस्किन्सचा. याला माझा इलाज नाही. फोटो वर्षांच्या क्रमाने लावतात आणि आम्ही दोघं एकाच वर्षी इथून बाहेर पडलो. तो बॅण्डचा म्होरक्या होता, पुढे जज्ज झाला. मी धावायचे, आणि त्या काळी अलाबामात शंभर यार्डांत माझ्यापुढे जाईल अशी पोरगी नव्हती. भिंतीवर एक जनरल आहे, आमच्या काउंटीचा पहिला काळा शेरीफ आहे, अख्खं चर्च रडवणारी गायिका आहे. गोऱ्यांच्या कॉलेजांनी दारात उभं केलं नाही त्या दिवसांपासूनची आमची ही माणसं. परीक्षेला जाताना पोरं अजूनही या भिंतीला हात लावून जातात. मीही लावायचे.

म्हणून आधीच सांगते, मला त्या भिंतीचा अभिमान आहे. राग आहे तो बोगद्याचा.

स्टेडियमच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांखालून सामान न्यायची एक लांब, अंधारी वाट जाते. होमकमिंगच्या, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या शुक्रवारी वर मैदानात होळीएवढा जाळ करतात, ढोल वाजतात, आणि खाली बॅण्डमधल्या नव्या पोरांना त्या वाटेतून काढतात. बॅण्डचा कोट उलटा करून डोक्यावरून घालायचा, बटणं लावायची, म्हणजे मारणारा हात कुणाचा ते कळत नाही. दोन्ही बाजूंना जुने वादक उभे. हातात पट्टे, काठ्या, ढोलाची टिपरी. शेवटच्या भिंतीत एक सोनेरी रंगवलेली वीट आहे, तिला हात लागला की तुम्ही जन्माचे बॅण्डचे झालात. माझा नवरा रॉस्को त्यातून गेला होता. आठवडाभर त्याच्या लघवीतून रक्त जात होतं, आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्कीचे तुकडे करता करता तो ही गोष्ट हसत हसत सांगायचा. मला एकदाही हसू आलं नाही.

कॉलेजने बोगद्यावर बंदी घातली त्याला जमाना झाला. बंदी कागदावर आहे. भिंतीवरची जी माणसं बॅण्डमधली आहेत, ती त्या दिवशी मुद्दाम येतात आणि बोगद्याच्या तोंडाशी उभी राहतात.

बोगद्याचा एकच नियम माणुसकीचा आहे. ज्याचा फोटो भिंतीवर आहे, त्याला सावली देता येते. म्हणजे नव्या पोराला आपल्या अंगाखाली घ्यायचं आणि त्याचे फटके आपण खात विटेपर्यंत जायचं. मग त्या वर्षापुरता बोगदा बंद. आजवर कुणीही सावली दिली नव्हती. देणार कोण? ज्यांनी ते फटके खाल्ले त्यांना वाटतं, त्या फटक्यांमुळेच आपण भिंतीवर पोचलो.

गुरुवारी माझी नात डेल्फीन जेवायला आली. तिची आई गेल्यापासून मीच तिला वाढवलंय. पहिल्याच वर्षाला आहे, आणि मोठा ढोल वाजवते. बॅण्डमध्ये मोठा ढोल उचलणारी ती पहिली मुलगी. मी मासे तळत होते. ती आत कपडे बदलायला गेली, मी टॉवेल द्यायला गेले, आणि तिची पाठ दिसली. जांभळे, आडवे वळ, एकावर एक.

"काय गं हे?"

"ढोलाचे पट्टे, नॅना. जड असतो तो."

"ढोलाचे पट्टे खांद्यावर असतात. आडवे कधीपासून उमटायला लागले?"

"झालं तुझं सुरू! मला भूक लागलीय. मासा करपतोय बघ."

मासा खरंच करपत होता. मी गेले आणि वाढलं. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला वाटलं, शुक्रवारच्या आधी पोरीला मऊ करून ठेवतायत. उद्या तिला बोगद्यात घालणार.

शुक्रवारी ऊन उतरून वर ढोल सुरू झाले, तशी मी पायऱ्यांखाली गेले. चर्चचे बूट, हातात पर्स. बोगद्याच्या तोंडाशी लेम्युएल उभा, उंची सूट घालून, हातात त्याची जुनी चांदीच्या मुठीची काठी.

"अगं ओडेसा! रस्ता चुकलीस की काय? बायकांनी केलेली रताळ्याची मिठाई वर आहे, संपायच्या आत जा."

"बाजूला हो, लेम."

"हे बघ, तू पळायचीस छान. आताही पळ. घरी."

त्याच्या मागून फटक्यांचे आवाज येत होते. ओल्या कपड्यावर काठी बसावी तसे. मध्येच एक आवाज, गळा दाबून धरलेला. वर ढोल इतके जोरात होते की मैदानातल्या कुणाला यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी त्याच्या काठीखालून आत घुसले.

बोगद्याच्या मध्यावर कोणीतरी गुडघ्यांवर पडलं होतं, डोक्यावरून निळा कोट, बटणं लावलेली. बाह्यांवरून रक्त ओघळत होतं. एका पोराने पट्टा दोन्ही हातांनी उचलला आणि कोटाच्या जिथे तोंड असेल तिथे हाणला. ती डेल्फीनच, असं मी धरून चालले.

"सावली!" मी ओरडले. "मी ओडेसा टार्व्हर. माझा फोटो भिंतीवर आहे. मी सावली देतेय!"

सगळे थांबले. लेम्युएल मागून आला, आणि हसायला लागला. कोर्टात कधी एवढा हसला नसेल.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "दे सावली. पण दुसराही नियम ऐक, म्हातारे. सावलीसाठी कुणी हात आखडता घ्यायचा नाही. जो घेईल तो स्वतः आत जाईल. चला रे!"

मी पर्स टाकली आणि त्या कोटावर आडवी झाले. पहिला फटका कुल्ल्यावर बसला, दुसरा मानेवर. "चल बाळा, चल, नॅना आहे," मी म्हणाले आणि खालच्या अंगाला ढकलत पुढे सरकायला लागले. एक काठी कानावर लागली, कानात शिट्टी सुरू झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या हाताखालचे खांदे रुंद आहेत. डेल्फीनचे नाहीत.

"मॅडम," कोटातून रडका, घोगरा आवाज आला, "मॅडम, मी ऑर्व्हिल. क्लॅरिनेट."

खरं सांगते, क्षणभर मला त्याला सोडून द्यावंसं वाटलं. माझी पोरगी कुठाय, मी या परक्या पोरासाठी का मरतेय? पण त्याने माझा हात असा घट्ट धरला होता की सोडवून घ्यायची मला लाज वाटली. मी त्याला ढकलत राहिले. तोंडात रक्ताची चव आली, एक दात हलला. दोन-चार पोरांचे फटके मात्र नुसते वाऱ्यासारखे लागून गेले. म्हातारी बघून त्यांचा हात कचरला होता, आणि देव त्यांचं भलं करो, त्यांनी ते लपवलं.

विटेच्या अलीकडे शेवटचं माणूस उभं होतं. मी मान वर केली.

डेल्फीन होती. दोन्ही हातांत ढोलाचं टिपरू, डोक्याच्या वर उचललेलं.

"नॅना," तिचे नुसते ओठ हलले.

"हाण!" लेम्युएल मागून ओरडला. "नाहीतर तू आत!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. मग टिपरू खाली आलं. माझ्या डाव्या हाताचं हाड मोडल्याचं मी आधी ऐकलं, दुखलं नंतर. उजव्या हाताने मी ऑर्व्हिलचा पंजा धरून विटेवर आपटला आणि तिथेच पडले.

शनिवारी सकाळी हाताला प्लास्टर घालून मी घरी आले तर डेल्फीन पायरीवर बसलेली, युनिफॉर्ममध्ये.

"मी हळूच मारलं गं, नॅना."

"नाही मारलंस. हळू कोण मारतं ते मला काल कळलं. तुझं पूर्ण जोराने होतं."

 ती तोंड झाकून म्हणाली, "ढोलवाल्यांना ऑगस्टमध्येच बोगद्यातून काढतात. माझं झालं होतं. पण बुधवारी त्यांनी एका मुलीला आधीच घेतलं, मी तिला हळू मारलं, तर मलाच आत घातलं. मला परत नव्हतं जायचं, नॅना. मला नाही जमणार परत."

मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि तिच्या थोबाडीतही द्यायची होती. एकच हात शाबूत होता. मी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला काढून टाकतील. जज्ज म्हणाले, तुरुंगही होऊ शकतो."

"जज्ज म्हणाले? वा! तो जन्मभर लोकांना यासाठीच तुरुंगात पाठवत आलाय."

दुपारी हॉल खच्चून भरला होता. दरवर्षी भिंतीवरच्या हयात माणसांनी आपापल्या फोटोखाली उभं राहायचं, नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं, आणि ढोलाचा एक ठोका पडायचा. लेम्युएल माझ्या शेजारी उभा, अत्तराचा वास येत होता. "सगळीकडे तुझंच नाव आहे बरं," तो कुजबुजला. "सावली देणारी पहिली. विटेखाली तुझं नाव कोरणार आहोत. हात पायऱ्यांवरून पडून मोडला म्हणायचं, कळलं ना? पोरीचा विचार कर."

मी पोरीचाच विचार करत होते. पुढच्या वर्षीच्या शुक्रवारी ती कोणत्या बाजूला असेल, याचा.

"ओडेसा टार्व्हर," पुकारलं.

मी "हजर" म्हटलं नाही. "माझा हात," मी म्हणाले, "माझ्या नातीने मोडला. ती तिथे ढोल घेऊन उभी आहे. आणि तिला मोडायला लावणारा इथे माझ्या शेजारी उभा आहे. ऑर्व्हिल नावाचं पोर हॉस्पिटलात पडलंय, त्याला एका कानाने आता ऐकू येत नाही."

 मग लेम्युएलने बॅण्डकडे बघून हात वर केला. वाजवा, म्हणजे काल जसा आवाज बुडवला तसा आजही बुडेल. बॅण्ड मोठ्या ढोलाच्या पहिल्या ठोक्याशिवाय सुरू होत नाही. सगळ्यांनी डेल्फीनकडे पाहिलं. तिने टिपरू डोक्याच्या वर उचललं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, अगदी कालच्यासारखीच.

लेम्युएलने पुन्हा हात हलवला. "हाण," तो दात आवळून म्हणाला.

टिपरू वरच राहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण टिपरू खाली आलं नाही.

मग मी पुढचं सगळं सांगायला घेतलं.