निऑनवरची चादर

जिना चढता चढता नागव्वाला गच्चीच्या दोरीवरून निथळणारी चादर दिसली आणि हातातली भाजीची पिशवी तिनं तिथंच आपटली. वांगी पायऱ्यांवरून गडगडत गेली.

"सिद्धे! कुणाला इचारून धुतलीस गं ही? मळकं दिसलं की हात शिवशिवत्यात व्हय तुझं? तोंड उघडायचं तितं मुकी, अन् साबण उघडायचा तितं राणी!"

शेजारच्या केराबाईनं खिडकी उघडली. ते पाहून नागव्वानं आवाज आणखी चढवला.

ती चादर आतल्या खोलीत काचेच्या टाकीवर चौपदरी घातलेली असायची, कारण खाली निऑनची अंडी होती. निऑन म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर निळा पट्टा, शेपटीकडं लाल. वीसेक एकत्र असले की मागावरचा धोटा पळावा तसे सगळे एकदम इकडून तिकडं. एकटा ठेवला तर कोपरा धरून फिका पडणार. त्याच्या अंड्यांना उजेड सोसत नाही, आणि सोलापूरचं जड पाणी तर मुळीच नाही.

"हितल्या पान्यात निऑन वाढत न्हाय, मावशी," सात रस्ता चौकातला शोभेच्या माशांचा दुकानदार संगप्पा हसून म्हणाला होता.

त्या हसण्यापायी नागव्वानं चार वर्षं पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवलं. दुसरीतच शाळा सुटलेली ही बाई मादीचं पोट बघून दिवस सांगायला शिकली. परवा पहाटे जोडीनं अंडी टाकली. आईबापच अंडी गिळतात, म्हणून तिनं लगेच जोडी काढून घेतली आणि टाकी झाकली. आणि आज सून धुणं काढून बसली होती.

"चार वर्सं साबणाच्या पान्यात घातलीस माझी!"

सिद्धेश्वरी पदराला हात पुसत उभी राहिली. लग्नाला सात महिने झाले होते. सासूचं बोलणं संपायची वाट बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"अत्ती, एकदा आत बघा की."

नागव्वा आत गेली आणि तिनं दार लोटलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. खिडकीच्या फटीतसुद्धा बोळे कोंबलेले होते. तिनं चाचपडत हात पुढं केला. टाकीवर कापड होतं, चारी बाजूंनी सुतळीनं बांधलेलं. बोटं कापडाच्या काठावर गेली आणि थांबली. सुनेची माहेरची इरकल.

"चादरीवर मांजर मुतलं," दाराबाहेरून आवाज आला. "पान्यात उतरलं असतं. अंधारातच बदलली. दिवा लावला न्हाय."

"दुसरं कापड न्हवतं घरात?"

"हुतं की. पर त्यातनं उजेड जात हुता. ही जाड हाय." सिद्धेश्वरी पुढं म्हणाली, "लग्नात तुमीच म्हनला हुता, गोणपाट हाय म्हनून."

शेजारच्या खिडकीत केराबाई खुदकन हसली.

नागव्वानं बॅटरी पदराखाली धरली आणि इरकलीचा एकच कोपरा उचलला. काचेला पापणीच्या केसांएवढं काहीतरी चिकटलं होतं. त्यातलं एक थरथरलं. मग दुसरं. मग ओळच्या ओळ.

तिनं कोपरा सोडला, सुतळीची गाठ मारली आणि अंधारातच काठ सरळ केला. पुन्हा एकदा केला.

बाहेर येऊन ती पायऱ्यांवरची वांगी वेचू लागली. सिद्धेश्वरी खाली वाकली तशी तिनं पिशवी तिच्याकडं दिली. केराबाई अजून खिडकीतच होती. नागव्वा कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि त्या खिडकीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात सुनेला म्हणाली,

"गोणपाट म्हननाऱ्या बाईला कापडातलं काय बी कळत न्हाय, सिद्धव्वा. पोरांना पट्टा उमटला की हीच इरकल नेसायची, अन् संगप्पाच्या दुकानात माझ्या म्होरं चालायचं. पर चादर नीट पिळली न्हाईस. बघ, अजून गळतीया."